गाडी 'टक्' म्हणते, पण उठत नाही
(साक्षरता वर्गाच्या सायंकाळच्या बैठकीत दिलेले भाषण)



आज मला गाडीबद्दल बोलायला सांगितले आहे. पूर्वी गाडी म्हटली की बैलगाडी. आता गाडी म्हटली की पिकअप. जुन्नरकडचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, तो पिकअपमधून. निफाडकडचा कांदा लासलगावच्या लिलावाला जातो, तोही पुष्कळदा पिकअपमधून. भाजी रात्री भरायची, माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचायचे, हे पुष्कळांचे रोजचे काम झाले आहे.

आता समजा, रात्रीचे दहा वाजले आहेत. टोमॅटोचे क्रेट भरून झाले. दोर आवळला. चालक जागेवर बसला. त्याने किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, "टक्." पुन्हा फिरवली. पुन्हा "टक्." इंजिन काही फिरेना.

मग काय होते? चार माणसे जमतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "सेल्फ गेला." तिसरा म्हणतो, "डिझेल चढत नाही." चौथा म्हणतो, "मारा धक्का!" चौघांचीही चार मते. तोवर अकरा वाजतात. बाजार कोणासाठी थांबत नाही. माल उशिरा पोहोचला तर भाव उतरतो. टोमॅटो तर नाशवंत. म्हणजे या एका 'टक्'मध्ये शेतकऱ्याची तीन महिन्यांची मेहनत अडकलेली असते.

कोणी घाईघाईने उसने पैसे काढून नवी बॅटरी आणतो. ती बसवतो. किल्ली फिरवतो. आणि गाडी पुन्हा म्हणते, "टक्." कारण दोष बॅटरीत नव्हताच. दोष एका मळलेल्या तारेत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत!

म्हणून मंडळी, आज आपण एवढेच शिकू. गाडी 'टक्' म्हणते, तेव्हा ती काय सांगत असते? ते ऐकायचे कसे? आणि कोणत्या क्रमाने पाहायचे?

'टक्' हा आवाज कुठून येतो?

फार पूर्वी मोटारीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावे लागे. हँडल उलटे बसले की माणसाचा हात मोडे. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या माणसाने विजेवर इंजिन फिरवण्याची सोय केली. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती पहिल्याने बसून आली. त्यालाच आपण 'सेल्फ' म्हणतो. किंवा 'स्टार्टर' म्हणतो.

सेल्फ म्हणजे काय? ती एक विजेची मोटर आहे. तिच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. इंजिनाला एक मोठे दातेरी चाक असते. लहान चाक मोठ्या चाकात अडकते आणि त्याला फिरवते. इंजिन एकदा स्वतःच्या बळावर चालू झाले की लहान चाक मागे सरते.

सेल्फच्या पाठीवर एक लहान डबी असते. तिला सोलेनॉइड म्हणतात. तिच्या आत तारेचे वेटोळे असते आणि लोखंडाचा एक दांडा असतो. तुम्ही किल्ली फिरवली की वेटोळ्यात थोडी वीज जाते. वेटोळ्याचे लोहचुंबक होते. ते दांड्याला ओढून घेते. दांडा आत सरकताना दोन कामे करतो. एक, लहान चाक पुढे ढकलतो. दोन, तांब्याचे जाड संपर्क जोडतो. हे संपर्क जुळले की बॅटरीतली मोठी वीज मोटरीत शिरते.

तो दांडा सरकून आपटतो, त्याचा जो आवाज, तोच 'टक्'.

म्हणजे पाहा, 'टक्' आवाज आला की एक गोष्ट नक्की झाली. किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंत थोडीतरी वीज पोहोचली. हुकूम पोहोचला, पण काम झाले नाही. आता काम कुठे अडले, ते शोधायचे.

आणि ध्यानात घ्या, डिझेलचा येथे काही संबंध नाही. डिझेल संपले असते तर सेल्फने इंजिन फिरवले असते. 'घर्र घर्र' आवाज झाला असता, फक्त इंजिन पेटले नसते. येथे इंजिन फिरतच नाही. म्हणून डिझेलच्या नळ्या सोडत बसू नका.

दिवा लागतो, मग बॅटरी कशी उतरली?

हा प्रश्न सगळे विचारतात. "अहो, पुढचे दिवे लखलखीत लागतात. हॉर्न वाजतो. मग बॅटरी उतरली कशी म्हणता?"

याचे उत्तर पाण्यावरून समजेल. टाकीत थोडे पाणी शिल्लक आहे. तुम्ही तोटी उघडून तांब्या भरलात. भरला. म्हणून त्या पाण्यावर शेत भिजेल काय? नाही भिजणार. तांब्याला थोडे पाणी पुरते. शेताला पाट लागतो.

तसेच विजेचे आहे. पुढच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर वीज लागते. पण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फला काही शे अँपिअर लागतात. दिवा म्हणजे तांब्या. सेल्फ म्हणजे शेत. म्हणून दिवा लागला, एवढ्यावरून बॅटरी चांगली असे म्हणू नये.

मात्र दिव्याचा आपल्याला दुसरा उपयोग आहे. दिवा हा आपला साक्षीदार आहे. तो कसा, ते पाहू.

आधी गाडी बांधा, मग तपासा

तपासणीला हात घालण्याआधी तीन गोष्टी करा. गिअर न्यूट्रलला आणा. हँडब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. नांगराला हात लावण्याआधी आपण बैल धरतो ना? तसेच हे.

आता एका माणसाला आत बसवा. क्लच दाबून ठेवायला सांगा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ चालतच नाही. तुम्ही गाडीसमोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा. पुढचे दिवे लावा. आतल्याला म्हणा, "दादा, किल्ली फिरव." कान आवाजाकडे ठेवा आणि डोळे दिव्याकडे ठेवा.

यातून पाच प्रकार दिसतील.

पहिला प्रकार. 'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज येतो आणि दिवा फडफडतो किंवा मंद होतो. याचा अर्थ, बहुधा बॅटरी उतरली आहे. असे का होते? सोलेनॉइड दांडा ओढते. मोठी वीज सुटते. पण बॅटरीत तेवढा दम नाही. तिचा जोर एकदम खाली येतो. मग सोलेनॉइडलाही दांडा धरून ठेवता येत नाही. दांडा सुटतो. भार कमी झाला की बॅटरी जरा सावरते. पुन्हा दांडा ओढला जातो. पुन्हा सुटतो. थकलेला बैल जुवाला खांदा लावतो, मागे येतो, पुन्हा लावतो, तसेच हे चालते.

दुसरा प्रकार. एकदाच 'टक्' होते आणि सगळेच दिवे विझतात. थोड्या वेळाने आपोआप परत लागतात. याचा अर्थ, बॅटरीच्या टोकावरची पकड ढिली किंवा मळलेली आहे. थोडी वीज जाते, पण मोठी वीज जायला वाट नाही.

तिसरा प्रकार. एकदाच मोठा 'ठक्' आवाज होतो आणि दिवा तसाच लखलखीत राहतो. याचा अर्थ, मोठी वीज मोटरीत शिरलीच नाही. शिरली असती तर दिवा मंद झाला असता. बहुधा सोलेनॉइडचे संपर्क जळले आहेत, नाहीतर मोटरीतले कार्बन झिजले आहेत. हे काम मिस्त्रीचे.

चौथा प्रकार. एकदाच 'ठक्' होते आणि दिवा फार मंद होतो, पण बॅटरी भरलेली आहे याची तुम्हाला खात्री आहे. याचा अर्थ, मोटर जोर लावते आहे, पण फिरत नाही. सेल्फ अडकला असेल, किंवा खुद्द इंजिनच अडकले असेल.

पाचवा प्रकार. आवाजच नाही आणि दिवा लखलखीत. म्हणजे हुकूमच पोहोचला नाही. फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, क्लचचा स्विच किंवा सोलेनॉइडवरची बारीक तार पाहावी. ही तार पुष्कळदा खड्ड्यांच्या हादऱ्याने निसटते.

हे पाच प्रकार वहीत लिहून घ्या. पाना हातात घेण्याआधी निम्मे काम कानाने आणि डोळ्याने होते.

पहिले औषध : साफसफाई

आता बॅटरीकडे चला. तिच्यावर दोन टोके असतात. एकावर अधिक चिन्ह असते, दुसऱ्यावर उणे चिन्ह असते. गणिताच्या धड्यात तुम्ही ही चिन्हे शिकला आहात. येथे तीच उपयोगी पडतात.

टोकांवर पांढरी किंवा हिरवट निळी बुरशी दिसते का? ती खरी बुरशी नव्हे. आम्लाने धातू खाल्ल्यावर जो क्षार साचतो, तो हा. तो वीज अडवतो. वरून पकड घट्ट दिसली तरी आत क्षार असू शकतो. पाटात गाळ साचला की पाणी कमी येते, तसेच हे.

पकड हाताने हलवून पाहा. हलली तर ढिली आहे. आणखी एक खूण सांगतो. चार वेळा किल्ली मारल्यावर पकडीला जपून बोट लावा. एखादी पकड गरम लागली, तर वीज तेथेच अडते आहे असे समजा.

साफ कसे करायचे? किल्ली बंद करून काढून घ्या. आधी उणे टोकाची पकड सोडा. मग अधिक टोकाची सोडा. जोडताना उलटे करा. आधी अधिक जोडा, मग उणे.

हा क्रम कशाला? कारण गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा उणे टोकाला जोडलेला असतो. तुम्ही आधी अधिक टोक सोडायला गेलात आणि तुमचा पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडेल. पाना तापून हात भाजेल. उणे टोक आधी सुटलेले असले, तर ती वाट तुटलेली असते. मग भय नाही.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवा. ते पाणी जुन्या दात घासायच्या ब्रशने टोकांना लावा. फेस येईल. आम्ल मरते आहे, त्याचा तो फेस. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग साध्या पाण्याने पुसून काढा. पॉलिश कागदाने टोक आणि पकडीची आतली बाजू घासा. धातू चकाकला पाहिजे. पकड घट्ट आवळा. वरून थोडे व्हॅसलीन लावा. हात साबणाने धुवा.

एवढ्यावर काम संपले असे समजू नका. उणे टोकाची जाड तार कुठे जाते ते पाहा. ती सांगाड्याला आणि इंजिनाला बोल्टने कसलेली असते. तिला आपण अर्थिंगची तार म्हणतो. तो बोल्ट चिखलाने, गंजाने भरतो. पुष्कळजण बॅटरी बदलतात, सेल्फ बदलतात, आणि हा बोल्ट कोणी पाहतच नाही. वीज बॅटरीतून जाते तशी परतही यावी लागते. परतीची वाट बंद असेल तर जाणारीही थांबते.

या सगळ्याला खर्च किती? थोडा सोडा, थोडा कागद आणि अर्धा तास. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी हे करा.

दुसरे औषध : मोजणी

वीज मोजायचे लहान मीटर बाजारात मिळते. गावातल्या पंपाच्या वायरमनकडेही असते. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. तेव्हा हे काम तुमचे तुम्हीच करू शकाल.

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली. १२.२ आले तर साधारण निम्मी. १२ च्या खाली गेले तर जवळजवळ रिकामी.

आता कोणाला तरी किल्ली मारायला सांगा आणि आकडा पाहा. साध्या हवेत तो ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीसुद्धा किल्ली मारताच फार खाली गेली, तर ती आतून म्हातारी झाली आहे. मात्र सेल्फ किंवा इंजिन अडकले असेल तरीही आकडा असाच पडतो. म्हणून नवी घेण्याआधी बॅटरीच्या दुकानात नेऊन तिच्यावर भार घालून तपासून घ्या.

गाडी चालू झाल्यावर पुन्हा मीटर लावा. बहुतेक गाड्यांत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असतानाही आकडा साडेबाराच्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. त्याचा पट्टा ढिला असेल, तुटला असेल किंवा अल्टरनेटर बिघडला असेल. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तरी तीही उतरेल. भोके पडलेल्या मडक्यात कितीही पाणी ओता!

शेजारच्या गाडीची वीज घेणे

बॅटरी उतरली आहे आणि माल तर भरला आहे. अशा वेळी दुसऱ्या गाडीची वीज घेता येते. पण आधी वाचा. दोन्ही बॅटऱ्यांवर १२ हा आकडा आणि पुढे इंग्रजी 'व्ही' अक्षर पाहिजे. मोठ्या ट्रकला पुष्कळदा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्याची वीज पिकअपला जोडू नका. गाडीतली नाजूक यंत्रे जळतील. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात. तरी वाचूनच खात्री करा.

तारा जाड पाहिजेत. घरातल्या दिव्याची बारीक तार चालणार नाही. ती तापून वितळेल आणि हात भाजेल.

दोन्ही गाड्या बंद करा. त्या एकमेकींना चिकटू देऊ नका. मग हा क्रम पाळा.

एक. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा.
दोन. लाल तारेचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला लावा.
तीन. काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला लावा.
चार. काळ्या तारेचे उरलेले टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीपासून दूर.

शेवटचे टोक बॅटरीला का लावायचे नाही? शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो भडकणारा वायू आहे. ठिणगी जवळ पडली तर बॅटरी फुटते आणि आम्ल तोंडावर उडते. म्हणून ठिणगी दूर उडू द्या.

चांगली गाडी चालू करून पाच मिनिटे तशीच ठेवा. मग बंद गाडीची किल्ली फिरवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. सेल्फ तापतो. मध्ये मिनिटभर थांबा. गाडी चालू झाली की तारा उलट्या क्रमाने काढा.

तारा जोडूनही नुसतेच 'टक्' होत असेल, तर तारांचे चिमटे नीट बसले आहेत का ते पाहा. ते ठीक असतील, तर दोष बॅटरीत नाही असे समजा. मग पकडी, अर्थिंग आणि सेल्फ यांकडे वळा.

धक्का मारावा की नाही?

आता चौथ्याचे मत राहिले. "मारा धक्का!"

जुन्या डिझेल गाड्या धक्क्याने चालू होत. आजही होतात. पण नव्या गाड्यांत इंधन सोडण्याचे काम विजेवर चालणारे यंत्र करते. बॅटरी अगदीच मेलेली असेल, तर कितीही ढकला, इंधन सुटणारच नाही. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत धक्का मारू नका असे लिहिलेले असेल, तर मारू नये. ती पुस्तिका वाचा. ती तुमच्यासाठीच छापली आहे.

धक्का मारायचाच असेल, तर सपाट जागी मारा. किल्ली चालू ठेवा, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा. गाडीने वेग घेतला की क्लच सोडा. पण ध्यानात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेक फार कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होते. भरलेली गाडी उतारावर सोडून दिली, तर ती आवरणार नाही. घाटात आणि उतारावर हा खेळ करू नका. आणि गाडीच्या मागे-पुढे मुलांना उभे करू नका. मुले हौसेने येतात. त्यांना बाजूला काढणे तुमचे काम आहे.

कोणत्या गोष्टी करू नयेत

मंडळी, आता जिवाच्या गोष्टी सांगतो. भाव पडला तर पुढच्या हंगामात भरून निघेल. माणूस गेला तर परत येत नाही.

बॅटरीत पाणी किती आहे हे पाहायला काडी ओढू नका. तेथे विडी पेटवू नका. दिसत नसेल तर विजेरी घ्या.

गाडीखाली शिरून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना किंवा पेचकस टेकवून गाडी चालू करू नका. काहीजण ही युक्ती मोठ्या हुशारीने सांगतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती चालू होताच पुढे उडी मारते. खाली तुम्हीच असता. ठिणगीने हात भाजतो तो वेगळाच.

सेल्फवर हातोडीने घाव घालू नका. झिजलेले कार्बन अडकले असतील, तर लाकडी दांड्याने हळूच ठोकल्यावर सेल्फ एखाद्या वेळी फिरतो, हे खरे आहे. पण पुष्कळ नव्या सेल्फांत लोहचुंबक बसवलेले असतात. जोराच्या घावाने ते फुटतात. आणि ठोकून फिरला तरी तो बरा झाला असे नव्हे. त्याला मिस्त्रीकडे न्यायलाच हवे.

गाडी पुराच्या पाण्यातून आली असेल आणि नंतर 'ठक्' करून अडत असेल, तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका. इंजिनात पाणी शिरले असेल. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. जबरदस्ती केली तर आतला लोखंडी दांडा वाकतो आणि लहान खर्चाचा मोठा खर्च होतो. धक्काही मारू नका. गाडी ओढून न्या.

आम्ल डोळ्यात उडाले, तर डोळे चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धूत राहा आणि दवाखान्यात जा.

बॅटरी उतरलीच का?

गाडी चालू झाली. सगळे खूश झाले. पण काम संपले नाही. बॅटरी का उतरली, हे विचारले नाही, तर उद्या रात्री पुन्हा तेच.

रात्री दिवा चालू राहिला होता का? गाडी आठवडाभर नुसती उभी होती का? गाण्याची पेटी, जादा दिवे, मोबाइल भरायच्या तारा, असे काय काय मागाहून जोडले आहे? चालू गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटत होता का? पेटत असेल तर अल्टरनेटर आणि पट्टा पाहा.

बॅटरीचे वय किती? साधारण तीन ते पाच वर्षांत ती थकते. विदर्भातल्या कडक उन्हात तर ती लवकर झिजते. गंमत अशी की, ऊन बॅटरीला मारते आणि थंडी ते उघड करते. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो, आणि इंजिनातले तेल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. म्हणून निफाडच्या थंडीत पहाटे जी बॅटरी दगा देते, ती उन्हाळ्यातच खचलेली असते. दिवाळीच्या सुमारास एकदा मोजून घ्या.

पाणी घालायची बॅटरी असेल, तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीचे पाणी घालू नका. त्यातले क्षार बॅटरीला मारक असतात. आम्ल तर कधीच वरून ओतू नका. बंद झाकणाची बॅटरी असेल तर ती उघडू नका.

उतरलेली बॅटरी तासभर गाडी चालवून पुरती भरत नाही. तिला दुकानात नेऊन सावकाश भरून घ्या. आणि जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. तिच्यात शिसे असते. ते जमिनीत, पाण्यात उतरते. मुलांना ते विषासारखे आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या. तिचे पैसेही मिळतात.

थोडक्यात सांगायचे तर

भराभर टक-टक आणि दिवा मंद : बॅटरी पाहा.
एकदा टक् आणि सगळे विझले : पकडी पाहा.
एकदा ठक् आणि दिवा लखलखीत : सेल्फ पाहा.
एकदा ठक् आणि दिवा मंद, बॅटरी भरलेली : सेल्फ किंवा इंजिन अडकले.
आवाजच नाही : फ्यूज, स्विच, बारीक तार पाहा.

हा कागद गाडीत ठेवा. त्याच्यासोबत १० नंबरचा पाना, पॉलिश कागदाचा तुकडा, जाड तारांची जोडी आणि विजेरी ठेवा. तुमच्या गाडीच्या पकडीचा बोल्ट वेगळ्या नंबरचा असेल तर तो पाना ठेवा. आज घरी जाऊन एवढे पाहून घ्या.

आणखी एक करा. वहीत एक पान बॅटरीसाठी राखा. कोणत्या तारखेला घेतली, किती रुपयांना घेतली, हमी किती महिन्यांची, शेवटी कधी साफ केली, हे लिहा. हमीचा कागद जपून ठेवा आणि त्यावरची तारीख वाचा. हमी बाकी असताना नवी बॅटरी विकत घेणारी माणसे आहेत, कारण कागद कोणी वाचलाच नाही.

मिस्त्रीकडे जायची लाज नाही. पण जाताना त्याला नुसते "गाडी चालू होत नाही" असे सांगू नका. "एकदाच ठक् होते, दिवा मंद होत नाही, पकडी साफ केल्या आहेत, बॅटरी १२.६ दाखवते," असे सांगा. चांगला मिस्त्री असेल तर तो खूश होईल. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो तुम्हाला फसवायला धजणार नाही. हिशेब येणाऱ्या माणसाला तराजूत कोणी मारत नाही, तसेच हे.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. बाहेर एक पिकअप उभी आहे. तिच्या बॅटरीवरची अक्षरे आणि आकडे कोण वाचून दाखवतो, ते आपण जाऊन पाहू.